एक आमटी खारट झाली आणि अख्खी रात्र गेली. हे विचार ओळखायचे कसे?

पेठेतली_मेस · बुधवार, रात्री ११:५२

नमस्कार सगळ्यांना. वाचत असते बरेच दिवस पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सदाशिव पेठेत घरगुती मेस चालवते, बारा वर्षं झाली. पोरं सगळी स्पर्धा परीक्षावाली, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी, काही डबा नेतात काही इथेच येऊन जेवतात, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी. जूनमध्ये ४६ मेंबर होते, आता ४३ आहेत. त्या तिघांपासूनच हे सगळं सुरू झालं.

मागच्या मंगळवारी मेसच्या ग्रुपवर एका मुलाने लिहिलं, "काकू आज आमटी थोडी खारट होती". एवढंच, खाली हात जोडल्याचं चित्रसुद्धा टाकलं होतं बिचाऱ्याने. मी तेव्हा ओटा पुसत होते, रात्रीचे साडेनऊ झाले असतील. ते वाचल्यावर पुढच्या दहा मिनिटांत डोक्यात काय काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. आमटी खारट म्हणजे माझा हात गेला, हात गेला म्हणून तर ती तीन पोरं सोडून गेली, आता हे ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांना असंच वाटत असणार फक्त हा एकटाच बोलला, दिवाळीपर्यंत निम्मे डबे जाणार, मग मुलीच्या क्लासचा दुसरा हप्ता कुठून भरायचा, आणि तिला बारावीला मार्क कमी पडले तर ते माझ्यामुळेच. फडकं हातात तसंच, नळ चालू, आणि मी मनातल्या मनात मेस बंद करून मोकळी झालेली.

रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते. साडेचारला उठून कणीक भिजवायची असते, ती भिजवतानाही तेच. परत आमटी करताना चार वेळा चव घेतली आणि तरी कळेना की मीठ बरोबर आहे की नाही.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले तू फार विचार करतेस, सोडून दे. नणंद म्हणते पॉझिटिव्ह राहा, रोज सकाळी आरशात बघून म्हण की मी यशस्वी आहे. आठ दिवस केलं ते मी, अगदी मनापासून केलं. पण म्हणताना आतून दुसरा आवाज यायचा, "हो का? मग तीन डबे का गेले?"

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात एका पोराने फीस्टच्या पुरणपोळीचा फोटो काढून त्याच्या आईला पाठवला आणि तिचा फोन माझ्याकडे दिला, ती माऊली तिकडून रडायला आली होती की पोराला घरचं मिळतंय. हे मला आत्ता लिहिताना आठवलं. त्या रात्री आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी मी म्हटलं असतं की बाई चांगली आहे म्हणून बोलली.

माझा प्रश्न असा की काळजी तर हवीच ना, धंदा आहे, काळजी घेतली नसती तर बारा वर्षं चाललं नसतं. मग कामाची काळजी कुठली आणि मन उगाच छळतंय ते कुठलं हे ओळखायचं कसं? आणि ओळखल्यावर त्याचं करायचं काय, म्हणजे हाताने करता येईल असं काय? विचार सोड एवढं सोडून काहीही सांगा.

---

रात्रपाळी_सिस्टर · गुरुवार, सकाळी ९:१५

ताई, आत्ताच ड्युटीवरून आलेय, चहा घेता घेता तुमचं वाचलं आणि झोपायच्या आधी लिहायलाच बसले. मी नर्स आहे, आणि चार वर्षांपूर्वी मीच या चक्रात होते, एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे चौदा भेटी झाल्या माझ्या. त्या जे शिकवतात त्याला सीबीटी म्हणतात, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, आपले विचार आणि वागणं तपासून बदलायची उपचारपद्धत. मला कळलं तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे तुम्ही ती दहा मिनिटं पकडलीत, ही अर्धी लढाई झाली. बहुतेकांना विचार दिसतच नाही, नुसती छातीतली धडधड कळते. फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते (१९२१ ते २०२१, शंभर वर्षं जगले), त्यांची एक पेशंट बोलताना कायम अस्वस्थ असायची. खोदून विचारल्यावर कळलं की बोलता बोलता तिच्या मनात मागे दुसराच विचार चालू असायचा, मी डॉक्टरांना कंटाळा आणतेय. तो इतक्या झरकन यायचा की तिला स्वतःलाही तो विचार वाटायचा नाही, खरंच तसं आहे असंच वाटायचं. बेकनी त्याला नाव दिलं ऑटोमॅटिक थॉट्स, आपोआप येणारे विचार. तुमचं "माझा हात गेला" हे अगदी तेच आहे. ते तुम्ही ठरवून म्हटलं नाहीत, ते आलं, आणि आलं म्हणून खरं वाटलं.

आता हाताने करायचं काय. एक वही घ्या, हिशोबाची असते तशी, आणि पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात फक्त झालेली गोष्ट, कॅमेऱ्यात दिसली असती तेवढीच. "एका मुलाने आमटी खारट होती असं लिहिलं." दुसऱ्यात मनाने काय म्हटलं ते, आणि पुढे शंभरपैकी किती खरं वाटतंय तो आकडा. तिसऱ्यात काय झालं, पोटात गोळा, झोप नाही, चार वेळा चव. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून हेच वेगळ्या पद्धतीने मांडलं, की घटनेमुळे थेट त्रास होत नाही, मधे आपण लावलेला अर्थ असतो. आपल्याकडे मुंबईच्या प्रा. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ते शिकून घेतलं आणि मराठीत आणलं. वहीत लिहिलं की हा मधला रकाना पहिल्यांदा डोळ्यांना दिसतो. डोक्यात असतो तेव्हा तिन्ही रकाने एकमेकांत कालवलेले असतात.

मग मधल्या रकान्यातल्या एकेका वाक्याला विचारायचं, याला पुरावा काय? बाजूने काय आणि विरुद्ध काय? आणि हे कोर्टात विचारतात तसं विचारायचं, स्वतःला बरं वाटावं म्हणून नाही. माझं उदाहरण देते. एका रात्री ऐंशीच्या पुढच्या आजोबांना सलाईन लावायचं होतं, शीर सापडेना, तिसऱ्यांदा सुई टोचल्यावर त्यांचा मुलगा सगळ्या वॉर्डसमोर ओरडला की तुम्हाला काही येत नाही. पुढचे पंधरा दिवस माझ्या मनात एकच, मी या कामाच्या लायकीची नाही, ९५ टक्के खरं वाटायचं. मॅडमनी मला त्या रात्रीचा हिशोब मांडायला लावला. त्या रात्री मी अकरा जणांना सलाईन लावलं होतं, दहा जणांना पहिल्याच टोचणीत. आणि मग कागदावर एक गोल काढायला लावला, भाकरीएवढा, आणि म्हणाल्या जबाबदारीचे तुकडे कर. आजोबांना दोन दिवस उलट्या, अंगात पाणी नाही, शिरा बसलेल्या, मोठा तुकडा तो. वय आणि कातडी, दुसरा तुकडा. वॉर्डात तीस पेशंटमागे दोघीच सिस्टर होतो, तिसरा. मुलगा दोन रात्री जागा आणि घाबरलेला, तो ओरडण्याचा तुकडा. माझा तुकडा उरला तो एवढासा, की दुसऱ्या टोचणीनंतर मी सिनिअरला हाक मारायला हवी होती. तो मी घेतला. आता दोनदा शीर मिळाली नाही की हाक मारते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला यातच सापडलं. ज्या विचारातून उद्या सकाळी करायचं एखादं काम निघतं ती काळजी. "मीठ मोजून घालीन" हे काम आहे. "माझा हात गेला" यातून काय करणार तुम्ही, हात थोडीच बदलता येतो?

आणि एक, लिहिलेल्या वाक्यांतले "च" मोजा. आमटी चांगली झाली पाहिजे ही इच्छा झाली. आमटी रोज चांगली झालीच पाहिजे, एकानेही नाव ठेवताच कामा नये, ही सक्ती झाली, आणि सक्ती मोडली की माणूस मोडतो. आपल्या भाषेत तो एक "च" किती मोठं काम करून जातो हे मला वहीत लिहायला लागल्यावर कळलं.

झोपते आता, चुकलंमाकलं तर जाणकारांनी सांगा.

---

निवृत्त_मास्तर · गुरुवार, दुपारी १:०४

सिस्टरबाईंनी फार चांगलं लिहिलं आहे. मी मराठी शिकवत होतो, मानसशास्त्र माझा विषय नाही, पण वाचताना सारखं वाटत राहिलं की या सगळ्या चुकांना आपल्या आज्यांनी आधीच नावं देऊन ठेवलेली आहेत, आपण ती दुसऱ्यांना लावतो, स्वतःला लावत नाही इतकंच.

एका खारट आमटीवरून दिवाळीपर्यंत निम्मे डबे जाणार, हे सुतावरून स्वर्ग गाठणं. क्लासचा हप्ता आणि बारावीचे मार्क, हे अजून साप दिसलाही नाही आणि साप साप म्हणून भुई धोपटणं. पोरं गेली आणि त्याच सुमारास आमटी बिघडली म्हणून एकामुळे दुसरं, ते कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आणि सगळ्यांच्या वरचं, मन चिंती ते वैरी न चिंती. तुमच्या वैऱ्यानेसुद्धा त्या रात्री तुमची मेस बंद केली नसती हो ताई, तुम्ही दहा मिनिटांत केलीत.

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते शितावरून भाताची परीक्षा या म्हणीने. ताई, ही म्हण तुमच्याइतकी कुणाला कळणार. एक शीत दाबून अख्खा भात शिजला का ते कळतं, बरोबर आहे, पण का कळतं? सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून. तुमची ४३ पोरं एका पातेल्यातली आहेत का? कुणी बीडचा, कुणी सांगलीचा, कुणी चिपळूणचा. एकाच्या जिभेवरून बाकी ४२ जणांची परीक्षा होत नाही. ज्या तीन जणांनी सोडलं तेही तीन वेगळ्या पातेल्यांतले असतील.

नातू माझा आठवीत आहे, गणितात एकदा कमी पडले तर मला गणित येतच नाही म्हणून बसला होता. त्याला मी हेच सांगितलं, विचार आला की त्याला म्हण लाव. नाव दिलं की ती गोष्ट थोडी लांब जाते, हातात धरून बघता येते. तो आता स्वतःच येऊन सांगतो, आबा आज मी राईचा पर्वत केला.

---

बेंच_नंबर_७ · गुरुवार, रात्री १०:३८

काकू नमस्कार. मी तुमच्या मेसचा नाही पण पेठेतच राहतो, हिंगोली जिल्ह्यातला आहे, तीन वर्षांत चार मेस बदलल्यात म्हणून पोरं मेस का बदलतात ते आतून सांगतो. पूर्व परीक्षा झाली की निम्मी पोरं गावी जातात, परत येतातच असं नाही. घरून पैसे उशिरा आले की दोन वेळचा डबा एक वेळचा होतो आणि ते सांगायला लाज वाटते म्हणून पोरगं गुपचूप बंदच करतं. रूम बदलली की मेस लांब पडते. खाडे धरत नाहीत म्हणून सोडलेली एक मेस आहे माझी. आणि चव म्हणून सोडलेली फक्त एक, ती पण वाईट होती म्हणून नाही, आमटीत गूळ असायचा आणि आम्हाला तिकडे ते चालत नाही, तिखट लागतं.

त्या काकूंना मी काहीच सांगितलं नव्हतं, महिना संपला आणि गेलोच नाही. तुमचं वाचून वाटलं की त्यापण अशाच जागल्या असतील का. उद्या जाऊन सांगणार आहे त्यांना.

माझं पण सांगून टाकतो, मागच्या वेळी कटऑफला दोन मार्क कमी पडले आणि डोक्यात एकच चालू की पोस्ट नाही तर आयुष्य नाही, बाप शेतात राबतो आणि मी फुकट. सिस्टरनी सांगितलेले रकाने आज पाडले. "आयुष्य नाही" याच्यापुढे पुरावा लिहायला बसलो तर अर्धा तास पेन हातात नुसतं. विरुद्ध बाजूला पहिलं लिहिलं की शेजारच्या बेंचवरच्याला मी इतिहास शिकवतो आणि त्याला कळतो. एवढंच सुचलं, पण सुचलं.

---

वारजे_पूल · शुक्रवार, सकाळी ७:२०

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण एक धोक्याची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी म्हणून लिहितोय.

मला ओसीडी आहे, म्हणजे नको असलेला तोच तोच विचार येतो आणि परत परत तपासल्याशिवाय राहवत नाही असा आजार. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, वारज्याच्या पुलावरून किती वेळा गाडी वळवून घरी गेलोय त्याला मोजमाप नाही. मी पण नेटवर वाचून हे पुरावा शोधण्याचं सुरू केलं होतं आणि माझा त्रास वाढला. कारण माझं डोकं पुरावा मागतच राहतं. नॉबचा फोटो काढला तर फोटो काढल्यानंतर हात लागला असेल तर? ओसीडीत विचाराशी वाद घालणं हेच आजाराचं खाद्य होऊन बसतं. माझ्या डॉक्टरांनी उलटं शिकवलं, विचार येऊ दे, उत्तर देऊ नकोस, परत जाऊन बघू नकोस, ती बेचैनी तशीच बरोबर घेऊन ऑफिसला जा, ती आपली आपण उतरते. त्याला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात आणि ते जाणकाराच्या देखरेखीखाली करायचं असतं. तेव्हा ज्याला तोच तोच विचार दिवसातून पन्नासदा येतो आणि तपासल्याशिवाय राहवत नाही त्याने वहीच्या भरवशावर राहू नये. ताई, तुम्ही ती आमटी चार वेळा चाखलीत ना, तेवढ्यावर लक्ष ठेवा. दोनदा चाखायची आणि पातेलं उतरवायचं.

आणि विचार सोड हे का जमत नाही त्याचं उत्तर १९८७ मध्येच मिळालंय. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं आणि आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंटी वाजतच राहिली. आणि नंतर आता खुशाल विचार करा म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात ते अस्वल, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक दिली होती त्यांच्यापेक्षाही जास्त आलं. म्हणजे ताई, तुमच्या घरच्यांचा हेतू चांगला आहे पण ते सांगतायत ते कुणालाच जमत नाही, तुमच्यात काही कमी नाही.

दुसरं, प्रत्येक वाईट विचार खोटा नसतो. तीन मेंबर खरंच गेलेत, महिन्याचे पैसे खरंच कमी झालेत. माझ्या एका मित्राला ऑफिसात जातीवरून त्रास होत होता आणि लोक त्याला सांगायचे तू निगेटिव्ह विचार करतोस. तिथे विचार बदलायचा नव्हता, तक्रार करायची होती. वही भरताना हे डोळे उघडे ठेवून भरा.

आणि शेवटचं, झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही असं बहुतेक दिवस आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण तपासून घ्या, शरीर बिघडलं की मन काळं बघतं. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, खर्चाची चिंता नको. आणि बोलायला कुणीच नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. हिंगोलीच्या भावा, तू पण हा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेव. मी एकदा रात्री लावलाय.

---

पेठेतली_मेस · दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:३०

फीस्ट उरकली, भांडी घासायला बाई आल्यात, आता बसलेय लिहायला. आधी कळवता आलं नाही पण तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं रोज वाचत होते.

वही केली. मुलीची जुनी शंभर पानी होती तिचीच. पहिल्या दिवशी "माझा हात गेला" लिहिलं आणि पुढे ९० आकडा टाकला. मग पुराव्यासाठी काय करावं म्हणून परत आलेले डबे बघायला लागले. बारा वर्षं डबे घासतेय पण मोजले कधीच नव्हते. आठ दिवस रोज लिहिलं, भाजी उरलेले किती, आमटी उरलेले किती. ज्या मंगळवारी खारट झाली तेव्हाचं माहीत नाही, पण या आठ दिवसांत आमटी कधीच पाच डब्यांपेक्षा जास्त उरली नाही, आणि उरली ती बहुतेक त्याच त्याच पाच जणांची. नावं बघितली तर चौघे लातूर-बीडकडचे. बेंच नंबर सातवाल्या बाळा, तुझी गुळाची गोष्ट मला तिथे आठवली आणि मी नुसती बघत राहिले.

मग धीर करून त्या गेलेल्या तिघांना फोन केले. फोन करायच्या आधी वहीत लिहिलं की हे तिघं काय म्हणतील, "जेवण बिघडलंय" म्हणतील, ८० टक्के. एकाची परीक्षा झाली, गावी गेला, म्हणाला काकू डिसेंबरात आलो तर जागा ठेवा. दुसऱ्याने रूमवरच गॅस घेतलाय, तिघं मिळून करतात, तो जरा ओशाळला, मला वाटतं पैशाचंच असेल, मी पुढे विचारलं नाही, एवढंच म्हटलं की कधी एका वेळचा हवा असला तर सांग. तिसरा लातूरचा. त्याने आधी नाही नाही केलं आणि मग म्हणाला, काकू खरं सांगू का, आमटी गोड लागते.

तर त्यात माझा तुकडा होता. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसा गोल काढला आणि तो तुकडा वेगळा रंगवला. पण "हात गेला" आणि "आमटीत गूळ जास्त पडतो" या दोन वाक्यांत किती फरक आहे हो. पहिल्यावर मी रात्रभर जागले आणि काही सुचलं नाही, दुसऱ्यावर मी पाच मिनिटांत उठून गुळाचा खडा अर्धा केला आणि डब्याबरोबर मिरचीचा ठेचा छोट्या डबीतून द्यायला लागले. ठेच्याच्या डब्या रोज चाटूनपुसून परत येतात. तो लातूरचा मुलगा अजून आला नाहीये, येईल की नाही माहीत नाही. "हात गेला" च्या पुढचा आकडा काल २५ लिहिला. शून्य लिहिवत नाही आणि ओढूनताणून लिहिणारही नाही.

मास्तर, तुमची शितं मी मुलीला सांगितली. ती म्हणाली आई, तू माझ्या मार्कांचंपण तेच करतेस, एका युनिट टेस्टवरून. ते खरंय. त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही वहीत, पान उलटून पुढे जाते. "तिला मार्क कमी पडले तर ते माझ्यामुळेच" हे वाक्य एकदाच लिहिलं आणि त्या "च" वर पेन थांबलं. तिथे आकडा अजून ८५ आहे. हे आमटीसारखं नाही, इथे डबे मोजता येत नाहीत.

आणि रात्री तीनला जाग येते ती येतेच आहे, तेव्हा उजेड लावून वही काढली तर ह्यांची झोप मोडते. त्या वेळी काय करता तुम्ही? वारजेवाल्या दादांनी सांगितलं तसं उद्या सकाळी रक्त द्यायला जाणार आहे, उपाशीपोटी जायचं म्हणून पोळ्यांना एक बाई बोलावलीय.

---

रात्रपाळी_सिस्टर · रविवार, रात्री ८:१०

ताई, ड्युटीवर निघतेय म्हणून थोडक्यात. तीन वाजता कुठल्याही विचाराचा हिशोब मांडायला बसू नका, त्या वेळी मन थकलेलं असतं आणि सगळं आहे त्याच्यापेक्षा मोठं दिसतं, वॉर्डात पेशंटसुद्धा तीन ते पाच या वेळात जास्त घाबरतात, मी रोज बघते. उशाशी चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवा, अंधारातच दोन शब्द खरडा, "मुलीचे मार्क" एवढेच, आणि मनाला सांगा की सकाळी कणीक भिजवून झाल्यावर बघू. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसा, मोबाईल घ्यायचा नाही, डोळे जड झाले की परत या.

आणि त्या ८५ ला एकट्याने हात घालू नका. तिथे "मग काय होईल" असं खाली खाली विचारत जावं लागतं, मार्क कमी पडले तर काय, मग काय, मग काय, आणि तळाशी मार्कांपेक्षा वेगळंच काहीतरी निघतं, माझं निघालं तेव्हा मी मॅडमसमोर तासभर रडले होते. समोर कुणीतरी असलेलं बरं. रिपोर्ट आले की लिहा, हिमोग्लोबिन किती आलं ते नक्की कळवा.

---

पेठेतली_मेस · मंगळवार, दुपारी ३:०५

हिमोग्लोबिन ८.९ आलंय. डॉक्टर म्हणाल्या या आकड्यावर साडेचारला उठून ४३ डबे करता म्हणजे कमालच आहे, गोळ्या दिल्यात तीन महिन्यांच्या, जेवणावर लिंबू पिळून घ्या म्हणाल्या आणि त्यावर लगेच चहा पिऊ नका. रात्री झोपेचं आणि मनाचं पण सगळं सांगितलं त्यांना, पहिल्यांदाच कुणा डॉक्टरला सांगितलं. त्यांनी एका बाईंचं नाव लिहून दिलंय बोलण्यासाठी, शनिवारी साडेअकराची वेळ मिळालीय. मुलगी म्हणाली मी येते बरोबर, बाहेर बसेन.

चिठ्ठीची युक्ती काल केली. सकाळी बघितलं तर मलाच माझं अक्षर लागेना, पण झोप लागली होती.

बेंच नंबर सात, त्या काकूंना भेटलास का रे?

---

बेंच_नंबर_७ · मंगळवार, रात्री ११:१६

भेटलो काकू. त्यांनी आधी ओळखलंच नाही, मग म्हणाल्या तो भाजी दोनदा घेणारा ना तू. गुळाचं सांगितलं तर म्हणाल्या अरे मग तेव्हाच बोलायचं की, वेगळी काढून ठेवली असती. उद्यापासून एक वेळचा डबा लावलाय तिथे.